घर बघायला आलेली माणसं

माझं काम सांगायला सोपं आहे. लोकांच्या घरी जायचं आणि घर जसं असेल तसं फोटोत घ्यायचं. करायला गेलं की मात्र नाकी नऊ येतात, कारण कॅमेरा दिसला की माणसं आधी झाडू हातात घेतात. ठाण्यातल्या एका प्रदर्शनासाठी दोन वर्षं मी डोंबिवली-दिव्यातल्या घरांचे उंबरे झिजवतेय आणि खरा पसारा अजून नजरेला पडलेला नाही. जिथे जावं तिथे बाई नवी साडी नेसून फ्रिजला टेकून उभी. आता मला वैतागायचाही कंटाळा आलाय.

दिव्याच्या शांताकाकू त्यातल्या त्यात बऱ्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून पाण्याची निळी पिंपं होती आणि उरलेल्या जागेत काकू आणि त्यांचा मुलगा सुशांत राहायचे. तोच फोटो मला हवा होता. त्या रविवारी दुपारी गेले तर पिंपांवर फळी, फळीवर फुलाफुलांची चादर आणि चादरीवर प्लास्टिकचे गुलाब.

"काकू, हे काय?"

"अगं विनिता, आज आपलं घर बघायला येतायत टिटवाळ्याहून. मुलीची आई आणि मामा. तू पण थांब, दोन चांगले फोटो काढ. आणि हे बघ, पाण्याचं काही बोलू नकोस हां. मी फोनवर सांगितलंय, चोवीस तास पाणी आहे म्हणून."

सुशांत कोलशेतला एका कंपनीत आहे. स्वभावाने गरीब, तिशी उलटून गेलेली. आधीची दोन्ही स्थळं या पाण्यावरूनच परत गेली होती. हेही गेलं तर पुढचं शोधायचं त्राण आपल्यात नाही, असं काकूंनी मला सरळ सांगून टाकलं. मी बरं म्हटलं. खरं तर आपली एक दुपार फुकट गेली, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

चित्राताई आणि त्यांचे भाऊ दौलतमामा आले. पोहे झाले. मामांनी खिडकीची जाळी हलवून बघितली, छताकडे बघितलं, शेजारी कोण राहतं ते विचारलं. चित्राताई फारसं बोलत नव्हत्या. दमलेल्या दिसत होत्या.

चहा आला आणि तेवढ्यात मोरीत पातेलं वाजायला लागलं.

दिव्यात पाणी पहाटे येतं, नाहीतर येतच नाही. म्हणून काकूंसारखी माणसं नळ उघडाच ठेवतात आणि खाली पातेलं उपडं घालतात. पाणी आलं की ते वाजतं आणि घर जागं होतं. आज काकूंनी सगळं घर झाकलं, पण पातेलं उचलायचं राहिलं. पाण्यालाही नेमकी आज भर दुपारी सवड झाली.

सुशांत उठायला लागला. काकूंनी त्याच्या मांडीवर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"घ्या ना चहा, गार होतोय," त्या चित्राताईंना म्हणाल्या. तोंडावर हसू होतं आणि कान मोरीत होते. उठावं तर थाप उघडी पडणार, बसावं तर पाणी जाणार आणि पिंपं तर तळाला गेलेली. मी तो चेहरा टिपला. दोन वर्षांत इतका खरा फोटो मिळाला नव्हता.

चित्राताईंनी कपबशी खाली ठेवली. "शांताबाई, पाणी आलंय. उठा."

"असू द्या हो. आमच्याकडे काय, केव्हाही..."

"उठा म्हणते ना! जाईल आत्ता." त्यांनी पदर खोचला. गुलाब दौलतमामांच्या हातात दिले, चादर ओढली, फळी बाजूला केली. पिंपं बघून त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "पाइप कुठाय?"

मग पाहुणे कुणी राहिलंच नाही. सुशांतने पाइप धरला, मामा हंडे सरकवू लागले, मीही कॅमेरा पाठीवर टाकून बादल्या उचलल्या. चित्राताई एक थेंब न सांडता एका पिंपातून दुसऱ्यात पाइप टाकत होत्या. काकूंना हसूच फुटलं. "सुटले बाई," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "आता लपवायला काही उरलं नाही. जमलं म्हण." मलाही तसंच वाटलं.

शेवटचं पिंप भरता भरता पाणी गेलं. चित्राताईंनी ओले हात पदराला पुसले आणि त्या काकूंसमोर बसल्या.

"मुलगा चांगला आहे हो तुमचा. तोंडदेखलं नाही बोलत. पण माझी ऐश्वर्या लहानपणापासून हेच करतेय. आधी पाणी, मग शाळा. आता आधी पाणी, मग नोकरी. तिला मी शब्द दिलाय, सासरी तरी तुला नळाकडे कान लावून झोपावं लागणार नाही."

सुशांत पाइप गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

काकू भरलेल्या पिंपांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील नाहीतर भांडतील. पण तेवढंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी चित्राताईंचा गार पडलेला हात हातात घेतला.

"नका देऊ," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी असती तर मीही दिली नसती."