निळ्या दिव्याचे दाखले

व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटावर नुसती झुंबड उडाली होती. निळ्या दिव्याखाली रोज बसल्याने मधुमेह मुळासकट जातो, या वार्तेवर जोडलेल्या हातांचा वर्षाव चालला होता. "यंत्रांना जे दिसत नाही, ते या निळाईला दिसते!" अशी दिवेवाल्या महाराजांची वाणी. निळाईला डोळे कधी फुटले, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

गटातल्या ग्रंथपालांचे मात्र कशातच चित्त लागेना. त्यांच्या धाकट्या भावाने दिव्यापायी इन्सुलिन सोडले होते आणि पायाची जखम चिघळत चालली होती.

"आधार काय?" त्यांनी गटावर विचारले.

"घ्या, ढीगभर!" महाराजांचा भक्त झालेल्या आतेभावाने लेखांच्या लिंकांची माळ फेकली. खाली धाकट्याची पुस्ती: "दादा, हट्ट सोड आता. एवढी माणसं खोटं बोलतात होय?"

दाखला मुळापर्यंत नेल्यावाचून ग्रंथपालांना घास गोड लागत नसे. पहिला लेख दुसऱ्याच्या हवाल्यावर उभा होता, दुसरा तिसऱ्याच्या. आणि 'संशोधनाने सिद्ध' म्हणून गर्जणाऱ्या तिसऱ्याचा सारा भार 'पूर्ण बऱ्या झालेल्या' एका निनावी रुग्णाच्या वाक्यावर. ते वाचताच ग्रंथपाल ताडकन उठले आणि पायांत वहाणा सरकवून त्यांनी भावाचे घर गाठले.

"वाच. ओळखतोस का याला?"

धाकटा वाचू लागला, "'दिवा घरी आणला आणि मनावरचं ओझं उतरलं...' अरे, हे तर मीच गटावर लिहिलं होतं! दिवा आणला त्याच दिवशी."

"तेव्हा इन्सुलिन चालू होतं?"

"होतं की."

"मग सोडलंस का?"

"हे लेख वाचून..."

"म्हणजे, बाबा रे, तू स्वतःच्याच शब्दावर भाळलास! ते गटावरून पुढे फिरलं आणि वाटेत त्यावर विज्ञानाचा शिक्का तेवढा बसला."

"मी कंठशोष करत होते," भावजय उसळली, "तर म्हणे, 'तू काय डॉक्टर लागून गेलीस?' उठा, आधी दवाखान्यात चला!"

निघता निघता धाकट्याने गटावर लिहिले: "लेखांतला बरा झालेला रुग्ण मीच. मी बरा झालेलो नाही."

"शंका घेतली की गुण जातो!" आतेभाऊ गरजला.

वाचकहो, शंकेने जाणारा गुण मुळात आलेलाच नसतो. एकच वाक्य शंभर तोंडांनी फिरले, तरी त्याचे शंभर पुरावे होत नाहीत. म्हणून कोणताही दावा पुढे धाडण्याआधी विचारा: हे प्रथम कोणी पाहिले, कसे तपासले, आणि ते आपल्यालाही पडताळता येईल का? उत्तर सापडेपर्यंत बोट आवरा. आणि औषध तर मुळीच सोडू नका.