गळ्यातली टेप

आमच्या ह्यांच्या मानेवर पुन्हा केसतूड उठलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. एक बसलं की दुसरं हजर! सासूबाई म्हणाल्या, "उष्णता आहे गं." उष्णता कसली डोंबलाची! डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, हे जंतू आहेत, कातडीवर आणि नाकात ठाण मांडून बसतात.

हे शिंपी. माप घेण्यात ह्यांचा हात धरणारा दुकानात कुणी नाही. पण गिऱ्हाइकं अंग चोरून उभी राहायला लागली, तसं मालकांनी फर्मान काढलं, "मान पूर्ण साफ झाल्याशिवाय मापाला यायचं नाही. मागे बसून काजं-बटणं करा." ह्यांनी त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

मग मी पदर खोचला. गोळ्या शेवटपर्यंत घ्यायला लावल्या. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम घरातल्या झाडून सगळ्यांच्या नाकात. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, अभ्रे गरम पाण्यात.

"घर आहे का दवाखाना?" सासूबाई कुरकुरल्या.

"बरं वाटेपर्यंत दवाखानाच. आणि अहो, तुम्ही नख लावून फोडायला गेलात तर याद राखा!"

मान साफ झाली. आम्ही हुश्श केलं, आणि त्याच जागी पुन्हा टरारून आलं! मी चक्क रडले.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळ करून आले. धुतलेला टॉवेल, धुतलेला शर्ट, आणि खुंटीवरची माप घ्यायची टेप गळ्यात.

"काजं-बटणं करायला टेप कशाला हो?"

"तिच्याशिवाय उघडं उघडं वाटतं गं."

मी जवळ जाऊन बघितलं. घामानं काळी, कडेला चिकट. आणि टेकलेली नेमकी केसतुडावर.

"ही कधी धुतलीत?"

"टेप कुणी धुतं का?"

"अहो! मी अख्खं घर उकळून काढलं आणि चोर तुमच्या गळ्यात!"

टेप ह्यांना शिवणकाम शिकवणाऱ्या वस्तादांनी दिलेली. "नवी टेप अर्धा इंच खोटं बोलते," म्हणून हे हटून बसले.

"बोलू दे. तिचं खोटं तुम्हाला लगेच कळेल. हिचं इतके दिवस कळलं नाही."

तेव्हा कुठे ह्यांनी टेप गळ्यातून काढली. डॉक्टरीणबाई हसल्या, "अंगाला लागतं ते सगळं धुवा, असं म्हटलं होतं ना मी?" पुन्हा औषध, पुन्हा धुणं. नवी टेप खिशात ठेवायची आणि रोज साबणाच्या पाण्यानं पुसायची.

या खेपेला मान साफ झाली ती झालीच. पुढच्या महिन्यात केसतूड नाही, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही! मी मुद्दाम डबा द्यायला दुकानात गेले. मालकांनी चष्मा लावून ह्यांची मान निरखली, कॉलर खाली ओढून पुन्हा निरखली आणि ओरडले, "चला, साहेबांच्या कोटाचं माप घ्या!"

ह्यांचा हात सवयीनं गळ्याकडे गेला. तिथे काहीच नाही! चेहरा असा पडला की बघवेना.

"खिशात!" मी दारातूनच ओरडले. "खिशात आहे, अहो, खिशात!"

अख्खं दुकान हसलं. हेही हसले, आणि ताठ मानेनं माप घ्यायला उभे राहिले.