सोयाबीनचा सरवा

“तुमीच खायला लावलं सायब, आता तुमीच बघा,” असं म्हणत चतुराबाईनं पायाचं फडकं सोडलं आणि उजवा पाय उचलून सरळ दवाखान्याच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरसाहेब खुर्चीसकट मागं सरकले. अंगठ्याखाली हरभऱ्याएवढं भोक होतं. भोवतीचं कातडं काळं पडलं होतं. नर्स सुकेशनीनं नाकाला रुमाल लावला, मग लाज वाटून काढला.

“कधी लागलं हे?”

“मालूम न्हाई.”

“एवढं घुसलं आणि मालूम नाही?”

काल सकाळी चपलेत रक्त दिसलं, तेव्हा तिला पाय फुटल्याचं कळलं होतं.

दसऱ्याच्या आधी याच साहेबांनी मारुतीच्या पारावर शिबिर घेतलं. चतुराबाईला शुगर निघाली. गोळ्या दिल्या. मग साहेबांनी मूठभर सोयाबीन उंच धरून भाषण ठोकलं. डायबेटीसवाल्यांनी भात कमी करा, सोयाबीनचं प्रोटीन पोटात जाऊ द्या. भाजून खा, शिजवून खा, पिठात मिसळा. “तुमच्याच शिवारात पिकतं आणि तुम्ही विकून मोकळे होता! खा की घरचं!”

घरचं! चतुराबाईच्या घरात एक चूल, एक पत्र्याची पेटी आणि रेशनचा गहू-तांदूळ. वावर बापजन्मात नव्हतं. वीस वर्षं ती दुसऱ्याचं सोयाबीन कापत आली होती. रानात ज्वारी होती तेव्हा काढणीची मजुरी कणसांत मिळायची, भाकरीची सोय व्हायची. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, मजुरीला नोट आली. गावच्या दुकानात बिस्किटाचे पुडे टांगलेले असतात, सोयाबीन नसतं. पोत्याचं तोंड शिवलं की ते मानवतच्या मोंढ्यात, व्यापाऱ्याच्या काट्यापाशीच उघडतं. हे पारावर कुणी बोललं नाही. चतुराबाईही बोलली नाही. शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं, म्हणजे खायचं.

ती गुरुपादअप्पांच्या वाड्यावर गेली. त्यांचंच रान तिनं आठवडाभर कापलं होतं. अप्पांची बायको महानंदा ऐकून हसतच सुटली.

“अगं, त्याची पेंड ढोरं खातेत. तू कधीपासून खायलीस?”

“औषध हाय अक्का. सायबानं सांगितलंय.”

“माल तर सगळा गाडीत भरला,” अप्पा म्हणाले. “सरवा वेच की. तुला कोण न्हाई म्हणायलंय?”

सरवा म्हणजे काढणी झाल्यावर रानात सांडलेलं. त्याला मालक नसतो. सोयाबीनची शेंग उन्हानं तडकते, दाणा ढेकळाच्या फटीत जाऊन बसतो. आणि विळ्यानं तिरकी कापलेली धसकटं चार बोटं वर उभी राहतात, दाभणासारखी. झिजलेल्या रबरी चपला घालून चतुराबाई रोज सकाळी त्यातून वाकून फिरायची. ओंजळभर दाणे जमायला ऊन डोक्यावर यायचं. घरी आली की ते धुऊन, भाजून गव्हात मिसळायची. गिरणीवाला भुजंग चिडायचा, “तेल सुटून पीठ जात्याला चिकटतंय, चतुराबाई. लोकांचं दळण काय तुझ्या औषधात दळू?” पण दळून द्यायचा. एक दिवसही खाडा नाही.

एकदा बांधावरून महानंदानं विचारलं, “पायाला टोचत न्हाई का गं?”

“न्हाई अक्का. आदी लय मुंग्या यायच्या. आता त्या बी गेल्या. सोयाबीननं गुण दिला बघा.”

हे तिनं साऱ्या गल्लीला सांगितलं. शेजारच्या कडूबाईला तर दोनदा.

साहेबांनी आता तिच्या बोटाला सुई टोचली. यंत्राकडं बघून त्यांचा चेहरा उजळला.

“अरे वा! शुगर तर छान उतरलीय. काय केलंत?”

“तुमी सांगितलं ते. गोळी आन सोयाबीन. माज्या पायाच्या मुंग्या बी गेल्या.”

साहेबांचं हसू थांबलं.

“मुंग्या गेल्या, तेव्हाच यायचं होतं बाई. ते बरं होणं नव्हतं. पाय बधिर झाला होता तुमचा.”

चतुराबाई पायाकडं बघत राहिली, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं.

“हे पारावर न्हाई सांगितलं.”

“सगळं कसं सांगणार? अंगठा काढावा लागेल बहुतेक. परभणीला पाठवतो. सुकेशनी, कार्ड भर.”

कार्डावर एक रकाना होता. पथ्य पाळले : होय, नाही. सुकेशनीनं साहेबांकडं पाहिलं.

“पायाची काळजी घेतली नाही. ‘नाही’ लिही.”

सुकेशनीचा पेन कागदावर टेकला, पण हलला नाही. चतुराबाईनं कंबरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडली. त्यातलं मूठभर तिनं कार्डावर ओतलं. मातीसकट सोयाबीन. चार दाणे घरंगळत साहेबांच्या बुटापाशी गेले.

“आजचं हाय. पाय फुटला तरी जाऊन वेचलंय,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “त्या पोरीला लिवा म्हणू नका. तुमी सांगा सायब, माज्या तोंडाकडं बघून. मी पथ्य पाळलं का न्हाई?”