इंजिन थंड होईपर्यंत

शनिवारी बाराच्या सुमारास चाचाक शहरातल्या हॉस्पिटलातून बिल्यानाला बाळासकट माहेरी आणायचं होतं. जावई ट्रक घेऊन जर्मनीत कुठेतरी अडकलेला. म्हणजे आणायचं आईबापांनी, त्यांच्या जुन्या गाडीतून, आणि गाडी तर आठवडाभर खोकत होती. देसांकाने लेकीला फोनवर शब्द दिला होता, "तू हॉस्पिटलच्या दारात येशील तेव्हा मी समोर उभी असेन." पहिलं बाळंतपण, नवरा जवळ नाही. पोरगी फोनवर रडली होती.

"गॅरेजला टाक एकदाची," असं देसांका सोमवारपासून सांगत होती.

पण तिच्या नवऱ्याने, रादोसावसारख्या माणसाने, चार प्लग बदलायला गॅरेजला जायचं, तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं? गॅरेज हे बायकांसाठी आणि बेलग्रेडहून आलेल्या लोकांसाठी असतं, असं त्याचं ठाम मत होतं. देसांकाकडेही लायसन्स होतं, पण गाडीला तिचा हात मानवत नाही असं निदान त्याने फार पूर्वीच करून टाकलं होतं. गाडीला कोणी विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी स्वारी नवे प्लग घेऊन अंगणात उतरली. पण आधी दुखणं कानांनी ऐकायला नको? म्हणून त्याने गाडी टेकडीपर्यंत पिटाळून आणली, बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि चटका बसल्यासरशी मागे घेतला.

"तापलंय," तो गंभीरपणे म्हणाला. "गरम इंजिनातून प्लग काढले तर आटे जातात. थंड होऊ दे."

"मग तापवलंस कशाला?"

"तुला नाही कळायचं."

हे मात्र खरं होतं. तिला खरोखरच कळलं नाही.

आता मिलानोवाट्ससारख्या छोट्या गावात उघडं बॉनेट म्हणजे आमंत्रणच. समोरचा मिलोये आपल्या मळ्यातल्या आलुबुखारांची घरी गाळलेली दारू, राकिया, घेऊन आला. शेजारचा तिखोमीर चीज आणि धुरावलेलं मांस घेऊन आला. बाळ जन्मलं की घरच्या पुरुषाचा सदरा फाडायचा, ही तिथली रीत; आणि नव्या आजोबाचा सदरा अजून अंगावर धडच आहे, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. असा अपशकुन कोण होऊ देईल? दोघांनी मिळून रादोसावचा सदरा टराटरा फाडला. देसांकाने तो पहाटे उठून इस्त्री केला होता. रीत म्हणजे रीत.

"नातीच्या नावाने," म्हणत मिलोयेने पेले भरले.

"रादोसाव, तुला गाडी चालवायची आहे," देसांका म्हणाली.

"अगं, नातीच्या नावाने नको म्हणू? देव बघतो."

इंजिन सावकाश थंड होत होतं, माणसं तेवढ्याच सावकाश गरम होत होती. पहिला प्लग निघाला, काजळीने काळाकुट्ट. त्याच्या आत्म्याला शांती म्हणून एक पेला झाला. नवा बसला, त्याच्या दीर्घायुष्यासाठी आणखी एक. असे चारही. पण रादोसावच्या हाताला दाद द्यायला हवी. त्याने प्रत्येक प्लग आधी बोटांनीच फिरवून बसवला, मग पान्याने हलकेच आवळला आणि एकही वायर इकडची तिकडे केली नाही. चावी फिरवली तर गाडी झोपल्या मांजरीसारखी गुरगुरू लागली.

"ऐक, ऐक," त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो देसांकाकडे यायला निघाला आणि वाटेतल्या बादलीत बसला.

देसांकाने घड्याळ पाहिलं. "बिल्याना दारात उभी असेल रे."

"उद्या जाऊ की. एका दिवसात पोरीला मिशी फुटत नाही."

मिलोये आणि तिखोमीर पोट धरून हसले. देसांका नाही हसली. तिने कपाटातून लायसन्स आणलं आणि गाडीत बसली. गियर करकरला, गाडी दोन उड्या मारून बंद पडली, पुन्हा चालू झाली.

"थांब, थांब, माझ्याशिवाय ती ऐकणार नाही," म्हणत रादोसाव फाटक्या सदऱ्यावर कोट चढवून शेजारी येऊन पडला. घाटात प्रत्येक वळणाला तो तिला गियर सांगत होता. शेवटच्या वळणांना झोपला, तेव्हा तिला गाडी चांगली चालवता येऊ लागली.

बिल्याना बाळाची गठडी छातीशी धरून दारात आली, तेव्हा आई समोर उभी होती. मग आजोबा जागे होऊन नातीची पापी घ्यायला वाकले आणि बिल्यानाने बाळ झटकन मागे ओढलं.

"बाबा, हा वास घेऊन माझी पोरगी बंद गाडीतून येणार नाही."

"मग मी काय डिकीत बसू?"

"बसने या."

रादोसावने देसांकाकडे पाहिलं. लेकीला मागे बसवून, बाळ नीट मांडीवर देऊन ती गाडीत येऊन बसली. तो तिच्या खिडकीशी आला, कोटाची बटणं लावत.

"बस कुठून सुटते इथून?" त्याने हळूच विचारलं.

"हॉस्पिटलच्या मागून. डावीकडे बसू नकोस, वाटभर ऊन येतं," देसांका म्हणाली. "पोरीला दिवस गेल्यापासून मी तिला भेटायला इथे त्याच बसने येत होते. गाडी अंगणातच असायची."

तिने पहिला गियर टाकला. या वेळी तो करकरला नाही.