अर्धा सेकंद आधी

मावशीचा राग नाकावर असतो हे खरं, पण ते नाकच इतकं प्रसिद्ध की त्यावरचा राग कुणाला दिसतच नाही. बावीस वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या एका मालिकेत ती धाकटी सून झाली. घरात कुणी खोटं बोललं की या सुनेला शिंक यायची. बस, एवढंच. एवढ्यावर मालिका अकरा वर्षं चालली. ती संपून अकरा वर्षं झाली, पण शिंक काही संपेना. बँकेत सही जुळली नाही तर कारकून म्हणतो, "एकदा शिंका, ओळख पटली." पोटाच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरने मास्क लावायच्या आधी शिंक मागितली. सख्ख्या दिराच्या मयताला कुणीतरी म्हणालं, "फार सज्जन माणूस होता," आणि सहा जणांनी वळून तिच्या नाकाकडे पाहिलं.

सोमवारपासून चॅनेलने त्या मालिकेचे निवडक भाग पुन्हा दाखवायला सुरुवात केली, "नव्या रूपात". नवं रूप म्हणजे नवं हसू. पूर्वी सेटवर चाळीस खुर्च्या असायच्या, त्यात खरी माणसं बसून हसायची, आवडलं नाही तर ढिम्म बसायची. आता म्हणे मशीन हसतं. सुनेने पाण्याचा पेला उचलला, हशा. सुनेने दार लावलं, हशा. मावशी तीन दिवस दातओठ खात बघत राहिली. गुरुवारी मात्र तिच्या लक्षात आलं, आज संध्याकाळी सातला दोनशे बारावा भाग आहे, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याचं असं, की मालिका चौथ्या वर्षात असताना सासूचं काम करणारी बाई खरोखरच गेली. तिसऱ्या दिवशी पुढचा भाग काढायचा होता. लेखकाने घाईघाईत एकच ओळ लिहून दिली, "सून कपाट आवरते." मावशीने ते कपाट चार मिनिटं आवरलं. एक शब्द नाही, एक शिंक नाही. शेवटी सासूचा चष्मा हातात घेतला, काचांवर वाफ सोडली, बाहीने पुसला आणि परत डबीत ठेवला. एवढ्या वर्षांच्या कामात तिला पाहून कुणी हसलं नाही अशी हीच चार मिनिटं. उद्या कुणी विचारलं, बाई, तुम्ही आयुष्यात केलंत काय, तर ती एवढंच दाखवणार होती.

जाहिरातीत शिंकायला तिला त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता चॅनेलच्या ऑफिसात बोलावलं होतं. ती नऊलाच जाऊन थडकली.

"मला वर जायचंय," ती दारावरच्या पहारेकऱ्याला म्हणाली. "मी चिडलेय."

पहारेकरी इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. "अगदी तश्शीच, मावशी. काही बदल नाही."

"मी थट्टा करत नाहीये."

"कसं काय जमतं हो तुम्हाला?" तो डोळे पुसत म्हणाला.

लिफ्टमध्ये दोघी जणी होत्या, त्यांनी तिचा राग मोबाइलवर उतरवून घेतला. ती त्यांच्यावर खेकसली, तर "पुन्हा एकदा, थोडं इकडे बघून," म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मावशीच्या मागे दहा-बारा जणांची वरात जमली होती.

आवाजाच्या खोलीत एक टकलू गृहस्थ गळ्यात हेडफोन अडकवून बसले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच दोनशे बारावा भाग लावला. सुनेने कपाट उघडलं, हशा. स्वेटरची घडी केली, मोठा हशा. चष्मा पुसला, टाळ्या.

"हे कुणी केलं?"

"मशीनने. ते तुमचा चेहरा ओळखतं. चेहरा दिसला की हसतं."

"आणि मी रडतेय ते?"

"तेवढं त्याला अजून शिकवलेलं नाही," टकलू ओशाळून म्हणाले.

वरात खिदळली. तेवढ्यात चॅनेलची प्रमुख आली. मावशीच्या मुलीच्या वयाची, आणि आल्या आल्या गळ्यात पडणारी.

"मावशी, हसू काढलं तर हे विनोदी आहे हे लोकांना कळणार कसं?"

"हे विनोदी नाही."

प्रमुख मनापासून हसली. "बघा. याला म्हणतात टायमिंग. अहो, आम्हाला तुमच्याबद्दल किती आदर आहे."

सगळ्यांनी मावशीच्या नाकाकडे पाहिलं. मावशीने नाक मुठीत धरलं. त्या मजल्याला ती एक शिंक फुकट देणार नव्हती.

"अकराला शिंकायचंय ना मला?" ती नाक सोडून म्हणाली. "नाही येत. गेली माझी शिंक. त्या मशीनला शिंकायला सांगा."

त्या सकाळी पहिल्यांदा कुणीतरी हसायचं थांबलं. प्रमुखने मेकअपवाल्याला हाक मारली, तो मिरपूड घेऊन धावत आला, आणि त्या दीड खणाच्या खोलीत त्याने बरणीचं झाकण असं काही ओढलं की अर्धी पूड हवेत. मावशी अकरा वर्षं मिरपुडीवर काढलेली बाई, तिने श्वास रोखून धरला.

"मावशी, आजचा दिवस चालवून घ्या," प्रमुख गोड आवाजात सांगत होती, "पुढच्या वेळी हे हसू मी स्वतः काढून..." आणि शिंकली. सावरून म्हणाली, "खरंच, शब्द देते," आणि लागोपाठ सात वेळा शिंकली.

वरातीतले लोक भिंतीला धरून हसले. हे मात्र खरं हसू होतं. टकलूंनी मुंडी खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते.

"काढा एकदाचं ते हसू," प्रमुख रुमालातून ओरडली. "आणि तुम्ही अकराला खाली या." ती गेली.

टकलू एकेक थर पुसत गेले. टाळ्या गेल्या, पुरुषांचं हसू गेलं, बायकांचं गेलं. शेवटी एकच उरलं, उचकी लागल्यासारखं, हुक्‌ हुक्‌ हुक्‌.

"हे मशीनचं नाही," ते म्हणाले. "त्याने जुन्या भागांतून उचललेलं कुणाचं तरी असणार."

कुणाचं ते मावशीला सांगायला नको होतं. सासूचं काम करणारी ती म्हातारी, स्वतःचा सीन नसला की पहिल्या खुर्चीत येऊन बसायची आणि विनोद व्हायच्या अर्धा सेकंद आधी हसायची. दर वेळी. त्यावरून चार वर्षं दोघींची भांडणं. "अहो, तुम्ही आधी हसता, लोकांना वाटतं मी उशिरा बोलले." त्यावर म्हातारीचं ठरलेलं उत्तर, "मग काय करू? तू काय करणार ते मला कळतं ना गं."

टकलूंनी पुन्हा लावलं. सुनेचा हात चष्म्याकडे नुसता निघाला, अजून पोचलाही नाही, आणि हुक्‌ हुक्‌ हुक्‌.

"मेली स्वतःच्या मयतालासुद्धा आधी हसली," मावशी म्हणाली.

मागे वरातीत कुणीतरी नाक ओढलं. "हे ठेवू का, मावशी?" टकलूंनी हळूच विचारलं. "हे छान वाटतंय."

"काढा. चार वर्षं माझे विनोद खाल्ले तिने. हा सीन माझा आहे."

अकराला तिने खाली जाऊन सत्तावीस वेळा शिंकून दिलं.

सात वाजता ती घरी टीव्हीसमोर बसली. सुनेने कपाट उघडलं. शांतता. नवऱ्याने रिमोट दोनदा हातावर आपटला आणि आवाज वाढवला, तशी कपाटाची बिजागरी कुरकुरलेली ऐकू आली. बेल वाजली. शेजारीण होती.

"तुमच्याकडेपण आवाज गेलाय का हो? चॅनेलचा फोन लागत नाहीये, सगळे तिथेच तक्रार करतायत वाटतं."

"गेला नाही, काढलाय. बसा इथे. आणि बोलू नका."

शेजारीण मुकाट्याने बसली. पडद्यावर सुनेचा हात चष्म्याकडे निघाला. मावशीचे कान टवकारले, जबडा आवळला गेला, जुन्या भांडणाला ती जागच्या जागी तयार झाली. अर्धा सेकंद गेला. मग आणखी एक. हात चष्म्यापर्यंत पोचला, काचांवर वाफ उमटली. कुणीही हसलं नाही.

"आता," मावशी संतापून म्हणाली, नवऱ्याला की शेजारणीला ते दोघांनाही कळलं नाही, "आता बरोबर आलं टायमिंग."