मागचा चाप

रघुजींनी मागचा चाप ओढला. बंदुकीच्या पोटात बारीक ‘टक’ झालं. मग पुढच्या चापाला त्यांनी चष्म्याची काडी नुसती टेकवली आणि वर चढवलेला घोडा खाडकन खाली आला. बंदूक रिकामी होती, तरी दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलेले सबइन्स्पेक्टर देवाप्पा दचकले.

हे असं कसं उडतं, असं देवाप्पांनी कन्नडमधून विचारलं. रघुजींनी समजावून सांगितलं. ठासणीच्या जुन्या, नेम धरायच्या बंदुकांना असे दोन चाप असत. पुढचा एरवी जड. तो ओढायला बोटाचा जोर लागतो आणि जोर लावला की नेम हलतो. म्हणून आधी मागचा ओढायचा. त्याने आतली एक कमान ताणली जाऊन अडकून राहते. मग पुढच्याला बोट लागायचा अवकाश, कमान सुटते आणि घोडा पाडते. किती हलकं ठेवायचं, ते दोन चापांमधल्या बारीक स्क्रूवर.

“आणि मागचा ओढलाच नसेल तर?” देवाप्पांनी विचारलं. “आप्पाजी शपथेवर सांगतात, घोडा चढवला होता, पण मागच्या चापाला हात लावला नव्हता. ते खरं असेल तर दोष बंदुकीत. खोटं असेल तर केस त्यांच्यावर.”

“सगळं खोलून बघावं लागेल, अण्णा. स्वल्प वेळ द्या.”

हवालदाराला दारात बसवून देवाप्पा जेवायला गेले. चिकपेटच्या गल्लीत हमालांची दुपारची आरडाओरड चालली होती. रघुजींनी बंदुकीचा कुलुपासारखा भाग लाकडातून सोडवून फडक्यावर मांडला. खोलायची गरज नव्हती. त्यातला प्रत्येक तुकडा त्यांना पाठ होता.

चार दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, बसवनगुडीच्या घरात आप्पाजींनी या बंदुकीत बार ठासला, घोड्याखाली बार पेटवणारी टोपी बसवली. दर रविवारी ते आणि रघुजी गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीवर नेमबाजीला जात. चाळीस वर्षं जात होते. निघायच्या आधी आप्पाजींनी खिडकीतून समोरच्या नारळावर नेम धरून बघितला. तेवढ्यात फोन वाजला, म्हणून बंदूक जेवणाच्या टेबलावर ठेवून ते उठले. त्यांच्या बायको शारदाबाई उप्पिटाची ताटली घेऊन आल्या आणि जागा करायला त्यांनी बंदूक बाजूला सारली. बार उडाला. डॉक्टर येईपर्यंतही त्या राहिल्या नाहीत.

बंदुकीत काडीचा दोष नव्हता. आप्पाजींनी चाप ओढला होता आणि ते विसरले होते, हे रघुजींना बातमी कळली त्या क्षणीच समजलं होतं. गेल्या वर्षभरात खाणीवर तीनदा असं झालं होतं. आप्पाजी चाप ओढत, मग काहीतरी बोलायला लागत आणि बंदूक तशीच मांडीवर ठेवत. तिन्ही वेळा रघुजींनी गप्पांच्या ओघात ती हळूच काढून घेतली, अंगठ्याने घोडा धरून खाली उतरवला. शारदाबाईंना सांगावं असं मनात आलं होतं. पण सांगितलं तर आप्पाजींची बंदूक जाणार आणि बंदूक गेली की रविवार जाणार. त्यांनी सांगितलं नाही. उलट सहा महिन्यांपूर्वी आप्पाजी म्हणाले, बोटं आखडतात रे, जरा हलकं कर. तेव्हाही नाही म्हणायला जीभ रेटली नाही. त्यांनी स्क्रू आणखी अर्धा वेढा फिरवून दिला होता.

स्मशानात आप्पाजींची मुलगी रूपश्री बापापासून दहा हात दूर उभी होती. राख सावडून निघताना तिने रघुजींना गाठलं.

“काका, त्यांनी चाप ओढून ठेवला होता का, एवढंच मला सांगा. ठेवला असेल तर मी पुन्हा त्यांचं तोंड बघणार नाही.”

बघून सांगतो, असं तेव्हा रघुजी म्हणाले होते.

त्यांनी घोड्याची चकती शेगड्याच्या जबड्यात आवळली. तिच्यावर केसाएवढी खाच होती. चढवलेला घोडा तिच्यावरच अडून राहतो. शंभर-सव्वाशे वर्षं ती कडा तशीच धारदार राहिली होती. रघुजींनी सर्वांत बारीक कानस घेतली. हवालदार गल्लीतल्या चहावाल्याशी बोलत होता. रघुजींनी दोन हात मारले, बोटाने चाचपलं, तिसरा मारला. कानशीची चकाकी त्यांनी तेल आणि काजळी चोळून मारली. नंतर बराच वेळ हात पुसत राहिले.

देवाप्पा परत आले तेव्हा बंदूक जोडून तयार होती. रघुजींनी घोडा चढवला, मागच्या चापाला हात न लावता दस्ता टेबलावर जरासा आपटला. घोडा पडला.

“खाच झिजली होती,” ते म्हणाले. “सहा महिन्यांपूर्वी बंदूक माझ्याकडेच दुरुस्तीला आली होती. बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.”

देवाप्पांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हे लिहून दिलं तर परवाना राहणार नाही, कदाचित खटलाही होईल, याची त्यांनी जाणीव करून दिली. रघुजींनी कागद मागितला आणि खाली सही केली, वडिलांनी शिकवलेल्या वळणदार मोडीत.

तेराव्याला ते बसवनगुडीला गेले. बोलावणं नव्हतं. आप्पाजी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. रूपश्री त्यांच्या शेजारी होती, तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता. दुसऱ्या हाताने ती त्यांना कालवलेला भात भरवत होती. रघुजी उंबऱ्याबाहेरच थांबले.

आप्पाजींनी त्यांना ओळखलं. चेहरा ताठ झाला.

“मी सांगत होतो, मी ओढला नव्हता. तू मारलंस तिला.”

“हो,” रघुजी म्हणाले.

“काका, तुम्ही जा,” रूपश्री खाली बघत म्हणाली.

रघुजी वळले. तेवढ्यात मागून आप्पाजींचा आवाज आला. तो आता नेहमीसारखाच होता, थोडा कुरकुरता.

“शारदे, रघू आलाय बघ. आज रविवार ना? माझी बंदूक कुठे ठेवलीस?”

रघुजींनी मागे बघितलं. रूपश्रीचा घास धरलेला हात ताटलीवर थांबला होता. ती त्यांच्याकडे पाहत होती. आधी नुसतीच, मग काहीतरी जुळत गेल्यासारखी. रघुजींना तिची नजर पेलवेना. ते चपला शोधू लागले, समोरच असूनही त्या त्यांना दिसेनात.

बापाच्या खांद्यावरचा हात मात्र रूपश्रीने काढला नाही.

“आहे, बाबा,” ती म्हणाली. “आधी एवढा घास घ्या.”