नऊ डब्यांचा फलाट

मी फलाट बोलतोय. कान टवकारू नका, हळू बोलणाऱ्यांतला मी नव्हेच. नऊ डबे मावतील एवढी माझी लांबी. एका टोकाला नाल्यावरचा पूल, दुसऱ्या टोकाला रस्त्याचं फाटक.

मला बांधलं तेव्हा फाटक नव्हतं, मोकळं रान होतं. माझ्या कडेचे दगड बसवणारा गवंडी मोठा ऐटबाज. साहेबाने विचारलं, "आणखी पुढे न्यायचा का रे?" उन्हात पाठ धरलेला गवंडी म्हणाला, "नऊ डबे पुरे झाले, साहेब. इथे काय हत्तींची वरात उतरणार आहे?" सगळे हसले. मीही हसलो.

नऊ डब्यांची गाडी यायची, मी तिला अख्खी कवेत घ्यायचो. तोरा होता मला. पुढे माणसं वाढली, डबे जोडत गेले. आता चौदा आहेत. मागचे पाच माझ्याबाहेर राहतात, शेवटचा तर ऐन पुलावर. आणि चाकाची खुर्ची आत जाईल असा रुंद दाराचा डबा तोच, शेवटचा.

गवंड्याचे पाय गेले, मग मूत्रपिंडं. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला त्याला मोठ्या शहरात न्यावं लागतं. नेणारी त्याची धाकटी बहीण, कपडे शिवते, जीभ कात्रीसारखी. रस्त्याने सात तास बसणं त्याला झेपत नाही. दुसऱ्या डब्यात उचलून घालायला गेले, तर खुब्याचं हाड मोडलं. मग स्टेशनमास्तरने तोड काढली: गाडी एकदा थांबायची, मग पाच डबे पुढे सरकून पुन्हा थांबायची. तेवढ्यात फाटक अडायचं, रस्त्यावरचे शिव्या घालायचे. बहीण खुर्ची ढकलत ओरडायची, "घाला, घाला! दादाचं आयुष्य वाढतंय तुमच्या शिव्यांनी."

काल कचेरीतला माणूस पट्टी घेऊन आला. मला मोजलं. म्हणाला, "दुसऱ्या थांब्यापायी मागच्या गाड्या खोळंबतात. उद्यापासून तो बंद."

"मग फलाट वाढवा," बहीण म्हणाली.

"बाई, इकडे पूल, तिकडे फाटक. वाढवू कुठे, आभाळात?"

"डबे कमी करा."

"अहो, एवढी माणसं मावायची कशी?"

"म्हणजे मावणाऱ्यांत माझा भाऊ नाही. असंच ना?"

माणूस वाईट नव्हता. पट्टी गुंडाळताना दोनदा हातातून सुटली त्याच्या.

आज सकाळी तरी दोघं आली. गाडी एकदाच थांबली. रुंद दाराचा डबा पुलावर, खाली नाला. बहिणीने खुर्ची माझ्या टोकापर्यंत आणली. पुढे वाटच नव्हती. गवंडी वाकला, शेवटच्या दगडावर हात ठेवला.

"चिमणे, मीच म्हणालो होतो, पुरे झाला म्हणून."

"तेव्हा पुरत होता, दादा."

गाडी गेली. तिने खुर्ची वळवली. जाताना एक अक्षर बोलली नाही, आणि तिचं गप्प बसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मला वाढवा, असं साकडं मी घालणार नाही. वाढायला जागाच नाही. कधी उतरलात इथे, तर शेवटचा दगड तेवढा बघून जा. इतक्या वर्षांत तसूभर हललेला नाही. त्याचं काम चोख होतं. कमी पडलो तो मी.